खाऱ्या पाण्याचं लायसन

गळाच्या डब्याचं एक असतं. त्यातून एकच गळ काढायला जावं, तर त्याला लोंबकळत दुसरे चार बाहेर येतात. ते सोडवत बसलं की बोटाला टोचतात, आणि ज्याच्यासाठी डबा उघडला तो तळाशीच राहतो. आमच्या मंडळींच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मला सांगायचा आहे तो एकच, शेवटचा. पण तो एकटा निघेल असं दिसत नाही.

मंडळी फार नाहीत. अण्णा मुळे, बँकेतून रिटायर झालेले; त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून उज्जैनचं. डॉक्टर सोहनी, दातांचे. यूसुफभाई, भैरवगढला कापडावर मेणानं नक्षी काढून ते रंगवणारे. माझी बायको नलिनी. आणि मी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या धरणावर गळ टाकून बसायचं, एवढाच आमचा उद्योग.

समुद्र आमच्यापासून एक आख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस एवढ्या अंतरावर. असं असूनही, हौसेखातर समुद्रात गळ टाकणाऱ्यानं लायसन घ्यावं की नाही, यावरून यंदा आमच्यात जेवढं भांडण झालं तेवढं कुठल्या किनाऱ्यावरही झालं नसेल. ते का झालं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

* * *

अण्णा रोज सकाळी रामघाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. कणीक वहिनी मळून देतात. रविवारी ते घाटावरूनच परस्पर धरणावर येतात, आणि डब्यात उरलेली कणीक गळाला लावतात.

एकदा घाटावरच्या ओळखीच्या पंडितजींना अण्णांच्या स्कूटरला बांधलेली गळाची काठी दिसली.

"मुळेजी, ये क्या? सुबह खिलाते हो, दोपहर में फँसाते हो?"

अण्णा जराही न गडबडता म्हणाले, "पंडितजी, ये तो रिश्तेदार हैं. वहाँ वाली पब्लिक है."

पंडितजींनी यावर बराच विचार केला म्हणे. मग म्हणाले, "और पब्लिक का करते क्या हो?"

"छोड़ देते हैं. हमारे यहाँ खाते नहीं."

"तो पकड़ते क्यों हो?"

अण्णांनी धरणावर येऊन तो प्रश्न आमच्यापुढे टाकला. डॉक्टर काहीतरी एकाग्रतेबद्दल बोलू लागले, पण त्यात दम नव्हता.

नलिनी पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "अण्णा, तुम्ही आधी एक पकडून तर दाखवा. सोडायचं मग बघू."

* * *

धरणावर मात्र लायसन लागतं. माशांचं बी सरकार सोडतं, म्हणून.

नलिनी देवगडच्या अलीकडच्या एका गावातली. लहानपणी खाडीच्या तोंडाशी कातळावर बसून हातानं दोर टाकायची. लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत गळांचा एक पत्र्याचा डबा होता. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या शेगडीवर उकडलं जायचं. आईनं डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "हे कशाचे आकडे गं?" नलिनी म्हणाली, "पडद्याचे." बरीच वर्षं आई ते आकडे मागत होती.

आई गेल्यावर नलिनी लायसन काढायला निघाली. मी सोबत गेलो. ऑफिसातल्या बाबूंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तिनं तो आपल्याकडे ओढला.

"मैडम, मछली पकड़ेगा कौन?"

"मैं."

"और ये भाईसाहब?"

"ये जाली पकड़ेंगे."

मासा ओढत काठाशी आणला की त्याच्या खालून लांब दांड्याची जाळी घालावी लागते, नाहीतर तो शेवटच्या क्षणी निसटतो. ती जाळी. बाबूंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. सगळ्यात खाली एक रकाना होता, 'सहायक'. तिथं त्यांनी माझं नाव लिहिलं आणि पुढे कंसात 'व्याख्याता'.

त्यानंतर अठरा वर्षं मी सहायक होतो. धरणाच्या फाटकावर चौकीदार भेरूलाल वही घेऊन बसतो. तो लिहायचा, 'श्रीमती नलिनी. सहायक एक, हाज़िर.' आठवडाभर कॉलेजात मी हजेरी घ्यायचो. रविवारी माझी लागायची.

मासा लागला की ती नुसती मान हलवायची, आणि मी जाळी घालायचो. तेवढं मला येतं. उत्तम येतं. मासे भेरूलालच्या घरी जायचे. काठी कधी हातात घेऊन बघ असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितली नाही.

* * *

डॉक्टरांचा किस्सा असा, की एकदा धरणावर तपासणीला कोणी साहेब आले आणि डॉक्टरांचं लायसन दुसऱ्या पँटमध्ये.

डॉक्टरांनी आधी वाद घातला. "साहब, सुबह से एक भी मछली नहीं लगी. तो मैं मछली पकड़नेवाला हुआ कैसे?"

साहेबांना मुद्दा पटल्यासारखा दिसला. पण ते म्हणाले, "फिर भी कुछ तो दिखाइए."

डॉक्टरांनी खिशातून दवाखान्याचं कार्ड काढून दिलं. साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, वहीत काहीतरी टिपलं, कार्ड खिशात घातलं आणि पुढे गेले.

आम्ही सगळे चकित. अण्णांना तर झोप लागेना. दातांचं कार्ड चालतं, तर आपण इतकी वर्षं रांगेत का उभे राहतोय? पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी बँकेचं जुनं ओळखपत्र शोधून ठेवलं.

मंगळवारी साहेब दवाखान्यात हजर. गाल धरून.

"डाक्साब, उस दिन आपको छोड़ दिया था," ते तोंड उघडण्याआधी म्हणाले. "अब आप भी धीरे से कीजिएगा."

* * *

नलिनी गेली ती दिवाळीनंतर. आजारपण चार महिन्यांचं. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही.

एवढंच सांगतो. दर मे महिन्यात आम्ही तिच्या माहेरी जायचो. ती कातळावर काठी घेऊन बसायची, मी जाळी घेऊन मागे. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मेमध्ये जाऊन या. माझी काठी घेऊन जा. कातळावरून एकदा गळ टाका." मी हो म्हणालो. जरा वेळानं परत म्हणाली, "तुम्ही टाका हं. जाळी धरून उभे राहू नका."

दोन महिन्यांनी मंडळींनी मला पुन्हा धरणावर नेलं. फाटकावर भेरूलालनं वही उघडली आणि नेहमीसारखं लिहिलं, 'श्रीमती नलिनी. सहायक एक, हाज़िर.'

अण्णा हळूच म्हणाले, "भेरूलाल, अरे..."

"मालूम है, साहब," तो म्हणाला. "पर लायसन तो मार्च तक उन्हीं का है."

नियमाप्रमाणे तो बरोबर होता की चूक, हे अण्णांनाही सांगता आलं नाही, आणि अण्णांना सगळे नियम पाठ आहेत. मार्चपर्यंत दर रविवारी मी हजर होतो. जाळी घेऊन बसायचो. अण्णांना त्या काळात दोन मासे लागले. दोन्ही वेळा मी जाळी घातली. अण्णांनी ते सोडून दिले, आणि भेरूलालला वाईट वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी भेरूलालनं वही उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि मिटली.

"साहब, आप अपने नाम का बनवा लो."

"बघतो," मी म्हणालो.

* * *

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या फोनवर कोणीतरी मेसेज पुढे ढकलला. आता म्हणे समुद्रात हौसेखातर गळ टाकायलाही लायसन लागणार. कोणी ठरवलं, कधीपासून, कोणत्या किनाऱ्यावर, काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी हात जोडलेलं चित्र होतं.

अण्णा खूश. "मी कधीपासून म्हणतोय. लायसन पाहिजेच. नाहीतर कोणीही उठेल आणि समुद्रात गळ टाकेल."

"आत्ता कोणीही उठतो आणि टाकतो," डॉक्टर म्हणाले. "काय बिघडलं?"

"मासे कमी झाले."

"ते मोठ्या बोटींनी. काठीवाला दिवसभरात दोन मासे धरतो. त्याला कसलं लायसन?"

"बोटवाल्याला आहे ना? मग काठीवाला काय जावई आहे? लायसन असलं म्हणजे निदान कळतं तरी, किती जण बसतात, केवढा मासा धरला, लहान पिल्लं सोडली की नाही."

"अण्णा, तुम्ही सगळेच सोडता. तुम्हाला उलट सरकारनं काहीतरी द्यायला पाहिजे."

यूसुफभाई म्हणाले, "पहले ये बताओ, समुंदर का मालिक कौन है? मालिक हो तो उससे पूछें."

तेव्हा मला आठवलं, की हे भांडण आधीही एकदा झालं होतं, आणि तेव्हा नलिनी म्हणाली होती, "धरणात मासे सरकार सोडतं, म्हणून लायसन मागतं. ठीक आहे. समुद्रात सरकारनं काय सोडलंय?" आणि डॉक्टर म्हणाले होते, "गटारं." ती इतकी हसली होती, की हातातली काठी हलली आणि लागलेला मासा सुटला.

मी हे बोललो नाही. डॉक्टरांनाही तेच आठवलं असावं, कारण तेही एकदम थांबले.

"प्रोफेसर साहब," यूसुफभाईंनी विचारलं, "आप किस तरफ़ हो?"

"लायसन असावं," मी म्हणालो. "आणि हे नक्की काय ते स्पष्ट होईपर्यंत मी काही समुद्रावर जाणार नाही. उगीच नियम मोडायला नको."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मेमध्ये जाणार नाहीस."

"स्पष्ट झालं तर जाईन."

खरं सांगायचं तर मला नियमाची भीती नव्हती. काठीची होती. अठरा वर्षं शेजारी बसूनही मला गळ टाकता येत नाही. हे मंडळींना माहीत नाही, असा माझा समज होता.

* * *

स्पष्ट करून घेण्याचा मी प्रयत्न मात्र प्रामाणिकपणे केला.

आधी इथल्याच ऑफिसात गेलो. तेच बाबू, आता रिटायरमेंटला आलेले. त्यांनी मला ओळखलं. नलिनीचं कळल्यावर उभे राहिले, पाणी मागवलं. मग मी प्रश्न विचारला.

"समुंदर का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "सर, इतने साल हो गए, समुंदर का किसी ने पूछा नहीं."

त्यांनी कपाट उघडलं. तलावाचे फॉर्म होते, नदीचे होते, शेततळ्याचेही होते. समुद्राचा नव्हता. त्यांना ते फार लागलं.

"आप सादे काग़ज़ पर आवेदन रख जाइए," ते म्हणाले. "समुंदर का कुछ आया तो सबसे पहले आपको बताएँगे."

मी अर्ज ठेवून आलो. पोच घेतली.

मग नलिनीच्या भावाकडून तिकडच्या बंदरातल्या एका ऑफिसचा नंबर घेतला आणि फोन लावला.

"बोट केवढी आहे तुमची?" तिकडच्या माणसानं विचारलं.

"बोट नाही."

"जाळं कोणतं टाकणार?"

"मोठं नाही. एक हातातली जाळी आहे. दांड्याची."

"मग आहे काय तुमच्याकडे?"

"एक काठी."

"किती जण येणार?"

"मी एकटाच."

"कुठून बोलताय?"

"उज्जैनहून."

"महाकालाच्या?"

"हो."

"अहो, मग तिकडे नमस्कार सांगा आमचा," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

लायसन लागतं की नाही, ते राहूनच गेलं. पुन्हा फोन करायला मला लाज वाटली.

* * *

मेच्या पहिल्या रविवारी यूसुफभाईंनी सगळ्यांना भैरवगढला बोलावलं. भेरूलालही आला होता. त्याला मी फाटकाशिवाय पहिल्यांदाच बघत होतो. तो बराच लहान दिसत होता.

यूसुफभाईंच्या कारखान्यात मेणाचा वास भरून राहिलेला असतो. दोऱ्यांवर कापडं वाळत होती. त्यांनी एक घडी काढून माझ्या हातात दिली. रुमालाएवढं निळं कापड. कडेनं माशांची रांग, आणि मध्ये मेणानं लिहिलेली, रंगातून पांढरी राहिलेली अक्षरं:

'समुंदर में काँटा डालने की इजाज़त. नाम, श्रीमती नलिनी. सहायक, एक.'

खाली भेरूलालची सही. वहीत करतो तशीच, पण मेणात.

"लायसन के बिना आप जाओगे नहीं," यूसुफभाई म्हणाले. "तो बना दिया. रंग पक्का है. खारे पानी में भी नहीं जाएगा."

अण्णांनी कापड माझ्या हातून घेतलं, उजेडात धरलं आणि चष्म्यातून ओळ न् ओळ तपासली. मला वाटलं, ते आता नियमांवर बोलणार.

"यात मुदत नाही घातली," ते म्हणाले. "कब तक का है?"

यूसुफभाईंनी भेरूलालकडे पाहिलं. भेरूलाल म्हणाला, "साहब, मार्च तो डैम का होता है."

अण्णांनी मान डोलावली आणि कापडाची मूळच्या घड्यांवर घडी घातली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आता आक्षेपाला जागा नाही."

डॉक्टर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. "गळ टाकताना मनगट सैल ठेव," ते म्हणाले. "खांद्यातून फेकू नकोस."

"तुला कोणी सांगितलं मला येत नाही म्हणून?"

"तिनंच. फार वर्षांपूर्वी. सगळ्यांना माहीत आहे."

* * *

शेवटचं.

मेमध्ये मी गेलो. नलिनीच्या भावाकडे उतरलो, सकाळचा चहा घेतला आणि काठी, जाळी, डबा घेऊन एकटाच कातळावर गेलो. भरती लागत होती. मी गळाला आमिष लावलं, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि बसलो. तासभर तरी बसलो असेन. जाळी उजव्या हाताला होती. अठरा वर्षं ती तिथंच असते.

मागून आवाज आला, "काय हो, कोणाला विचारून बसलात?"

खाकी शर्ट, खाली अर्धी चड्डी, पायात काही नाही. वय साठीच्या पुढे. तो माणूस कोणत्या खात्याचा होता, की कोणत्याच नाही, हे मला आजही माहीत नाही. नंतर मेव्हण्याला वर्णन सांगितलं, तर तो म्हणाला, अशी इथं दहा माणसं आहेत.

मी उठून उभा राहिलो आणि खिशातून कापड काढून त्याच्या हातात दिलं. हे मी का केलं, तेही सांगता येणार नाही. सवय असेल.

त्यानं हसावं असं मला वाटत होतं. म्हणजे सगळं तिथंच संपलं असतं. पण त्यानं ओले हात शर्टाला पुसले, घडी उलगडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही टोकं धरून सावकाश वाचलं. वाचताना ओठ हलत होते. सहीपाशी थांबला. कडेच्या माशांवरून अंगठा फिरवला.

"ह्यातले सहायक तुम्ही?"

"हो."

"आणि बाई?"

मी पाण्याकडे पाहिलं. "नाही आल्या," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मांडीवरून खाली घसरलेल्या काठीकडे. कापडाची घडी घालून त्यानं ती माझ्या खिशात ठेवली. वाकून जाळी उचलली, दांडा नीट पकडीत घेतला आणि माझ्या मागे, उजव्या बाजूला, दोन पावलं सोडून उभा राहिला.

"भरती थांबत नाही कोणासाठी," तो म्हणाला. "बाई येईपर्यंत काठी तुम्ही धरा. जाळी मी बघतो."